एका षष्ठीचा घोटाळा

आमच्या शाळेत परिपाठाच्या वेळी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. अक्षर बरे, एवढेच त्याचे कारण. जयंत्या, पुण्यतिथ्या, सणवार हे सगळे मी एका जुन्या वहीत टिपून ठेवले आहे आणि त्या त्या दिवशी ते डोळे मिटून फळ्यावर उतरवीत असतो. अशाच एका डिसेंबरच्या आठ तारखेला मी लिहिले : 'आज कॅथलिक ख्रिस्ती बांधवांचा सण. कुमारी मरियेच्या पोटी येशूचा गर्भ राहिला तो हा दिवस.' खडू खाली ठेवला, हात झटकले आणि वळलो, तो सहावीतली एक मुलगी उभी. तिची आई गावातल्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. माणसे मूळची वसईकडची.

"सर, नाताळ पंचवीस तारखेला असतो ना?"

"हो."

"आज आठ. म्हणजे सतराच दिवस झाले."

आमची पोरे शेतकऱ्यांची. म्हशीचे दहा महिने आणि शेळीचे पाच महिने त्यांना पाढ्यांआधी पाठ होतात. वर्ग खो-खो हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. तिला मला अडचणीत आणायचे नव्हते, हिशेब जुळवायचा होता.

"मग आजचा गर्भ कोणाचा, बाई?" मी विचारले. (मुलींना मी 'बाई' म्हणतो, रागावलो नसल्याची ती खूण.)

"मरियेचा, सर. ती तिच्या आईच्या पोटात आली तो."

मी डस्टर उचलले आणि फळा पुसला. त्या जागी काय लिहावे हे मात्र सुचेना. शेवटी 'आज कॅथलिक बांधवांचा सण' एवढेच ठेवले. ते खोटे नव्हते, इतकेच.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला माणूस नाही. चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांतली एक आमच्या जिल्ह्याबाहेरही वाचली गेली. धर्मशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण शब्दाशी व्यवहार करणाऱ्या माणसाकडून शब्दाच्या बाबतीत चूक झाली, की ती त्याला रात्री झोपू देत नाही. पुढे काही महिने मी या सणाच्या मागे लागलो. त्या मुलीच्या आईला भेटलो, मिळतील ती पुस्तके वाचली, आणि माझ्या ध्यानात आले की चूक माझ्या एकट्याची नव्हे. निम्मी चूक आपल्या भाषेची आहे, आणि भाषेपेक्षाही जास्त, त्या भाषेत वाढलेल्या आपल्या मनाची आहे. ते निस्तरण्याचा हा प्रयत्न.

प्रथम साधा हिशेब. कॅथलिकांच्या पंचांगात गर्भाचे दोन दिवस आहेत. पंचवीस मार्चला देवदूताने मरियेला निरोप सांगितला आणि येशू तिच्या उदरी आला. तेथून नऊ महिने मोजले की पंचवीस डिसेंबर येतो. आठ डिसेंबरला मरिया स्वतः आपल्या आईच्या, अन्नाच्या, उदरी आली. तेथून नऊ महिने मोजले की आठ सप्टेंबर, म्हणजे मरियेचा जन्मदिवस. त्या जन्मदिवसाच्या सुमाराला वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा भरते हे मुंबई पाहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत असते. जत्रा ठाऊक, तिच्यामागचे नऊ महिने ठाऊक नाहीत, अशी आपली गत आहे.

आता नावाकडे येतो. या सणाला मराठीत 'निष्कलंक गर्भधारणा' किंवा 'निष्कलंक गर्भसंभव' असे म्हणता येईल. मी पहिले नाव ऐकले होते आणि तेथेच फसलो. 'मरियेची गर्भधारणा' म्हटले की मराठी कान काय ऐकतो? मरियेने गर्भ धारण केला, हेच. धारण करणारी ती कर्ती. ही षष्ठी कर्त्याची. सण मात्र सांगतो आहे की मरिया धारण केली गेली. ती षष्ठी कर्माची. 'आईची आठवण' हे दोन शब्द घ्या. आईला आपली येते ती आठवण, की आपल्याला आईची येते ती? दोन्ही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून आपण अर्थ ठरवितो. परधर्माच्या सणाच्या बाबतीत बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची तसदीच आपण घेत नाही, म्हणून आपण जवळचा अर्थ उचलतो. 'गर्भसंभव' हा शब्द या दृष्टीने कितीतरी चांगला. 'मरियेचा गर्भसंभव' म्हटले तर निदान संभवली ती मरियाच, हे कळते. भाषांतर करणाऱ्याने 'धारणा' टाकून 'संभव' घेतला, तर एका शब्दात सतरा दिवसांचे कोडे सुटते.

पण हा झाला व्याकरणाचा घोटाळा. तो सुटण्यासारखा आहे. खरी मेख 'निष्कलंक' या शब्दात आहे. बाई, गर्भ आणि कलंक हे तीन शब्द एका ओळीत आले की मराठी माणसाच्या मनात चौथा शब्द आपोआप उमटतो : शील. मी खोटे कशाला बोलू? या निमित्ताने मी माझीच एक कादंबरी काढून चाळली. 'कलंक' हा शब्द जेथे जेथे आला आहे तेथे तेथे तो बाईच्या माथी आला आहे. पुरुष लाच खातो, भावाची जमीन बळकावतो, पण कलंक लागतो तो त्याच्या बहिणीला. हे लिहिताना मला काही वावगे वाटले नव्हते. मग 'निष्कलंक गर्भ' म्हणजे पुरुषसंगाशिवाय राहिलेला गर्भ, हा अर्थ माझ्या हातून फळ्यावर गेला यात नवल ते काय?

या सणाचा तसल्या कलंकाशी काडीचाही संबंध नाही. मरियेचे आईवडील, अन्ना आणि योआकिम, हे चारचौघांसारखे नवराबायको होते. त्यांची लेक चारचौघींसारखीच पोटी आली. शरीराच्या पातळीवर येथे चमत्कार मुळीच नाही. कुमारीच्या पोटी पुत्र, ही श्रद्धा वेगळी आहे आणि ती येशूविषयी आहे. (अन्ना आणि योआकिम ही नावे बायबलात नाहीत, बायबलाबाहेरच्या एका प्राचीन ग्रंथातून ती परंपरेत आली. परंपरेने ती इतक्या प्रेमाने सांभाळली की आज त्यांच्याही नावाचा सण आहे.) येथे 'कलंक' म्हणजे काय हे कळायचे तर कॅथलिक ज्याला आदिपाप म्हणतात ते समजून घ्यावे लागते, आणि येथे पुन्हा आपली भाषा आडवी येते. आपल्याकडे पाप म्हणजे केलेले कर्म. तान्ह्या मुलाने पाप केले असे म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू; फार तर म्हणू, मागच्या जन्मीचे असेल. म्हणजे तरीही त्याचेच, त्यानेच केलेले.

मी त्या परिचारिकाबाईंना हेच विचारले. त्या ड्यूटीवरून येऊन चहा टाकीत होत्या. म्हणाल्या, "सर, केलेलं नाही ते. मिळालेलं. आमच्या आईनं असंच सांगितलं होतं. आदामानं घालवलं, म्हणून आपल्याला मिळालं नाही." मी घरी येईपर्यंत त्यावर विचार करीत होतो. वाटेत तलाठी कार्यालयाच्या पायऱ्यांवर उतारे हातात घेतलेली माणसे बसली होती, आणि मला एकदम आमचाच शब्द सापडला. सातबाऱ्यावरचा बोजा. बापाने कर्ज काढले, बाप गेला, जमीन मुलाच्या नावावर चढली आणि तिच्याबरोबर इतर हक्कांच्या रकान्यातला बोजाही चढला. मुलाने कोठे सही केली नव्हती. तो गुन्हेगार नाही. पण उतारा कोरा नाही, हेही खरे. आमच्या भागात हा शब्द नुसता उपमेपुरता नाही. त्याच्या वजनाखाली घरे बसलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून तो मी जपून वापरतो. आदिपाप म्हणजे मनुष्यजातीच्या उताऱ्यावरचा असा बोजा : केलेला अपराध नव्हे, तर आलेली अवस्था. देवाशी असलेले मूळचे सख्य गमावलेल्या घरात जन्माला येणे. कॅथलिक श्रद्धा सांगते की या एका बाईच्या उताऱ्यावर तो बोजा पहिल्या क्षणापासून चढलाच नाही. आठ डिसेंबरचा सण एवढ्याच गोष्टीचा आहे.

एवढीशी गोष्ट, पण ती ठरायला सातशे वर्षे लागली. बाराव्या शतकात, ११४० च्या सुमारास, फ्रान्समधल्या लियोंच्या चर्चमध्ये हा सण सुरू झाला तेव्हा क्लेअरव्होच्या बर्नार्ड नावाच्या संताने तेथल्या धर्मगुरूंना पत्र लिहून खडसावले. गंमत अशी की मरियेचा त्याच्याएवढा भक्त त्या काळी दुसरा नव्हता. तेराव्या शतकातला मोठा पंडित थॉमस अक्विनास यालाही हे पटेना. आक्षेप बिनतोड होता. ख्रिस्त सर्वांचा तारणारा. मरियेवर बोजा मुळातच नव्हता, तर तिला तारणाऱ्याची गरज उरली नाही. मग तो सर्वांचा कसा? याचे उत्तर दिले डन्स स्कॉटस नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाने. हा १३०८ साली वारला. तो म्हणाला, विहिरीत पडलेल्याला वर काढणारा तारणारा, आणि पडण्याआधीच हात धरणाराही तारणाराच. उलट दुसऱ्याचे उपकार मोठे. मरिया ख्रिस्ताच्या पुण्याईनेच तरली. फक्त इतरांना ती पुण्याई नंतर मिळाली, तिला आधी.

येथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. कर्जमाफी आम्हांला ठाऊक आहे. ती यादीत नाव असले तर येते, आणि उशिरा येते. पण अजून न जन्मलेल्या मुलाने आईचा बोजा ती जन्माला येण्याआधी फेडून ठेवावा, ही कल्पना कादंबरीकाराला सुचणारी नव्हे. आम्ही कालक्रमाचे गुलाम. पुढे १४७६ साली पोप चौथे सिक्स्टस यांनी सणाला मान्यता दिली, आणि १८५४ सालच्या आठ डिसेंबरला पोप नववे पायस यांनी ही श्रद्धा सर्व कॅथलिकांनी मानावयाचा सिद्धान्त म्हणून जाहीर केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५८ साली, फ्रान्समधल्या लूर्दच्या गुहेपाशी बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीने आपल्याला एक स्त्री दिसते असे सांगितले. पंचवीस मार्चला त्या स्त्रीने तिला आपले नाव सांगितले, तेही तिच्या गावच्या बोलीत : मीच तो निष्कलंक गर्भसंभव. मुलीला त्या शब्दांचा अर्थ कळला नव्हता. विसरू नयेत म्हणून ती ते पुटपुटत धर्मगुरूंच्या घरापर्यंत चालत गेली. धर्मगुरू चक्रावले; असे कोण्या बाईचे नाव असते काय? मला मात्र अर्थ न कळलेले शब्द जपून नेणारी ती पोर आवडली. आमच्या वर्गात अशा पोरी असतात.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे दूरदेशीचे पुराण आम्हांला कशाला? तर ते तितके दूर नाही. पणजीच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांवर आपल्यातल्या पुष्कळांनी छायाचित्रे काढून घेतली असतील. ते चर्च याच मातेचे, आणि आठ डिसेंबरला तेथे फेस्त भरते. पोर्तुगालच्या राजाने १६४६ साली याच मातेला राज्याची स्वामिनी ठरविले, आणि त्यानंतरच्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. मुकुट तिचा, असा भाव. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरला शैव लेण्यावर फ्रान्सिस्कनांनी उभारलेले चर्चही याच नावाचे होते. शिवाच्या लेण्यावर निष्कलंक मातेचे चर्च : हे आठवले की मन आंबते, आणि ते लपविण्याचे कारण नाही. इकडे वऱ्हाडातही कॅथलिक काही काल आलेले नाहीत. फ्रेंच बोलणारे सावोयचे मिशनरी नागपुरास १८४६ मध्ये पोचले, आणि आमचा भाग ज्यात मोडतो तो अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला.

मग शिकल्यासवरल्या मराठी वाचकाला हा सण ठाऊक का नाही? माझ्या मते याचे कारण वाङ्मयीन आहे. आपण ख्रिस्ती धर्म मराठीतून वाचला तो बाबा पदमनजींच्या, रेव्हरंड टिळकांच्या, पंडिता रमाबाईंच्या आणि सर्वांत जास्त लक्ष्मीबाई टिळकांच्या हातून. 'स्मृतिचित्रे' न वाचलेला मराठी माणूस निदान ते वाचल्याचे सांगतो तरी! ही सगळी माणसे प्रॉटेस्टंट. त्यांच्या घरात हा सण नाही. मरियेच्या या सिद्धान्तावर त्यांचा विश्वासच नाही. तेव्हा ख्रिस्ती म्हणजे टिळकांच्या अंगणातला ख्रिस्ती, अशी आपली समजूत झाली. मराठी कॅथलिकांचा प्रवाह वेगळ्या उगमातून येतो, आणि तो उगम दोनशे वर्षे जुना आहे असे नव्हे, चारशे वर्षे जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! नागरी खिळे नव्हते म्हणून मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले, आणि सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती ते नागरीत यायला १९५६ साल उजाडले; ते श्रेय शांताराम बंडेलू यांचे. तीनशे चाळीस वर्षे आपलाच एक ग्रंथ आपल्याला वाचता येत नव्हता. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिले, २०२० साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा कोठे या प्रवाहाकडे चार माणसांचे लक्ष गेले.

स्टीफन्सचे मोठेपण कशात आहे याविषयी पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे : त्याची ओवी, त्याचे मराठीवरचे प्रेम. मला त्याची एक साधी युक्ती महत्त्वाची वाटते. त्याने श्रोत्याला बोलू दिले. नव्याने ख्रिस्ती झालेली माणसे त्याच्या पुराणात प्रश्न विचारतात, अडवतात, आणि मग कथा पुढे सरकते. आपल्या 'गुरुचरित्रा'तही नामधारक विचारतो म्हणूनच सिद्ध सांगतो. शंका हीच पुराणाची चूल. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याचे धाडसही त्याने केले. परका शब्द आणून श्रोत्याला गप्प करण्यापेक्षा घरचा शब्द देऊन त्याला प्रश्न विचारायला लावणे त्याने पत्करले. त्या शब्दाबरोबर घरचे अर्थही आत शिरणार, हे त्याला कळत नव्हते असे मला वाटत नाही. तो १६१९ साली वारला. १८५४ चा सिद्धान्त त्याच्यापुढे नव्हता. असता, तर त्याने 'कलंक' हा शब्द निवडला असता का, याचा मी पुष्कळदा विचार करतो. ज्या सासष्टीत हे पुराण रचले गेले तेथली देवळे १५६७ साली पाडली गेली होती, हेही त्याच्याबरोबरच लक्षात ठेवावे लागते. पुस्तक गोड असले म्हणून काळ गोड होत नाही.

'गुरुचरित्रा'चे नाव निघालेच आहे, तर माझी स्वतःची फजिती सांगून टाकतो. कारंजे हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मगाव आमच्याच जिल्ह्यात आहे. गुरुमंदिरात मी वर्षातून एकदा तरी जातो. मी त्या परिचारिकाबाईंना ऐटीत म्हणालो, "आमच्याकडे अवताराच्या आईला पुण्य कमवावं लागतं. अंबेनं जन्मभर प्रदोषव्रत केलं, मागच्या जन्मीचंही होतं, तेव्हा तिच्या पोटी नरहरी आला. तुमच्या मरियेला सगळं आयतं मिळालं!" त्या हसल्या, बोलल्या नाहीत. घरी येऊन मी आठवा अध्याय पुन्हा वाचला, आणि ऐट उतरली. ती अंबिका गेल्या जन्मी काय होती? नवरा गेलेला, मुलगा मतिमंद, लोक हसत होते, भीक मागून जगणे नकोसे झालेले. मुलाला घेऊन ती कृष्णेत जीव द्यायला निघाली होती. श्रीपादश्रीवल्लभांनी तिला अडवले ते तिने व्रत केले म्हणून नव्हे. व्रत त्यांनी नंतर सांगितले. आधी हात धरला. म्हणजे आमच्या कारंज्याच्या कथेतही कृपा पहिली आणि कमाई दुसरी! लहानपणापासून पारायणे ऐकली आणि हे माझ्या लक्षात आले ते वसईच्या एका बाईपुढे फुशारकी मारल्यावर.

तरीही फरक राहतोच, आणि तो मी पुसणार नाही. आमची अंबिका पाण्याच्या काठावर आलेली, जगाने नाकारलेली बाई आहे. कृपा तिला तिच्या दुःखाच्या शेवटी भेटते. मरियेला ती दुःखाच्या, कर्माच्या, नावाच्यासुद्धा आधी भेटते. अंबिकेची कथा डोळ्यांत पाणी आणते, मरियेची आणत नाही. तिला कथाच नाही, नुसता एक क्षण आहे, तोही कोणी न पाहिलेला. वाङ्मय म्हणून मला अंबिकाच मोठी वाटते. पण गर्भात जीव येतो त्याच क्षणाला सण मानणे हे काही आमच्या मुलखाला नवे नाही. कारंज्याचे आणि शिरपूरचे जैन बांधव तीर्थंकरांच्या पंचकल्याणकांत पहिले गर्भकल्याणकच मानतात. तो मान तीर्थंकराचा. येथे सण आहे तो आईच्या गर्भसंभवाचा. मुलगा थोर म्हणून आई पूज्य, एवढ्यावर न थांबता ती कोणाची आई होण्याआधी, कोणाची बायको होण्याआधी, जन्मण्याआधी काय होती, हे विचारणारा हा सण आहे. बाईविषयी असा प्रश्न आमच्या किती कादंबऱ्यांनी विचारला आहे? माझ्या तरी एकाही नाही.

एक काटा उरतो. सगळे बोजा घेऊन जन्मतात आणि एकच कोरी, हे ऐकताना मला सोयराबाई आठवते. चोखोबांचे मेहुणे गाव आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणून ती आम्हांला घरची वाटते. विटाळ देहातच उपजतो तर मग कोणाचा देह त्यातून सुटला, असा तिचा सवाल आहे. सगळेच एका वाटेने आले, मग एकट्या आम्हांलाच दूर का ठेवता, असा त्याचा अर्थ. आदिपापाच्या श्रद्धेतही, नीट पाहिले तर, हीच समता आहे : राजा, धर्मगुरू, भिकारी, सगळ्यांच्या उताऱ्यावर तोच बोजा. आणि ज्या पोर्तुगालने या मातेच्या पायी मुकुट ठेवला त्याच देशात माणसाच्या रक्ताची शुद्धता तपासण्याचे कायदे होते. ज्यू किंवा मूर पूर्वज निघाला तर अधिकाराच्या जागा बंद. गोव्यातल्या ख्रिस्ती झालेल्या माणसांनीही जात सोडली नाही, आणि चर्चने ती चालू दिली. एकच बाई निष्कलंक आहे असे मानायचे, आणि मग आणखी काही घराणीही निष्कलंक आहेत असे वागायचे! हे विसंगत आहे हे सांगायला सिद्धान्त मानावा लागत नाही, नुसता समजावा लागतो. आमच्या बाजूनेही कोणी हसू नये. सोयराबाईचा अभंग गाऊन पंगत वेगळी बसविणारी माणसे मी पाहिली आहेत. लहानपणी त्या पंगतीत वाढलोही आहे.

मी या सिद्धान्तावर विश्वास ठेवतो काय? नाही. एकीचा बोजा आधी फेडता येत होता तर सगळ्यांचाच का नाही, हा माझा प्रश्न मी परिचारिकाबाईंपुढे ठेवला होता. त्या म्हणाल्या, "हे मी पण विचारते कधी कधी. रात्रपाळीला, बाळंतपणाच्या वॉर्डात." आणि चहात साखर घालू का म्हणून विचारले.

गेल्या आठ डिसेंबरला मी मोठ्या तयारीने शाळेत गेलो. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले : 'आज मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण.' षष्ठी कर्माची, 'धारणा' टाकलेली, सगळे चोख. मुलगी आता सातवीत गेली आहे. ती शेवटच्या बाकावरून वाचीत होती.

"बरोबर आहे ना आता?" मी विचारले.

"बरोबर आहे, सर. पण ह्यांना कळणार नाही." तिने वर्गाकडे हात केला. "मी लिहू?"

मी खडू दिला. तिने माझी ओळ पुसली नाही. तिच्याखाली, वाकड्या चढत्या अक्षरांत लिहिले : 'अन्नाला दिवस गेले. मुलगी होणार आहे.'